खंडेनवमीचं तेल

नारळ फुटला, पाणी जीपच्या पुढच्या चाकावर उडालं आणि सगळ्यांनी हात जोडले. मी पण जोडले. पण देवाचं नाव काही तोंडात येईना, नजर त्या चाकावरच चिकटून राहिली.

"वैजयंता, ओवाळ की गं. उभी काय राहिलीस खांबासारखी?" आत्याबाई म्हणाल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई.

मी तबक घेऊन पुढं झाले. जीपच्या बॉनेटवर झेंडूचा हार, आरशाला आंब्याचा डहाळा, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक. मागं पाळणा उलटा घालून दोरीनं आवळून बांधलेला. माझी धाकटी नणंद कुमुद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, ती आज तीन महिन्यांचं बाळ घेऊन सासरी वैभववाडीला जायची होती. गाडी ह्यांनी चालवायची, शेजारी आत्याबाई, मागं कुमुदवन्सं आणि बाळ. आमचं घर गगनबावड्याला, घाटाच्या अगदी तोंडावर. फाटकातनं बाहेर पडून जरा पुढं गेलं की करूळ घाट सुरू, आणि मग खाली कोकणापर्यंत नुसता उतार. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी.

आणि त्या जीपच्या पुढच्या दोन्ही चाकांत, ब्रेकच्या लायनरला, खोबरेल तेल लागलेलं होतं. ते मी लावलं होतं. माझ्याखेरीज हे कुणालाच ठाऊक नाही, असं मी धरून चालले होते.

हे झालं सत्त्याऐंशी साली. सगळं सांगायचं तर आधी मामंजींबद्दल, म्हणजे माझ्या सासऱ्यांबद्दल सांगायला पाहिजे. बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. घाटातल्या निम्म्या संरक्षक भिंती त्यांच्या देखरेखीखाली बांधलेल्या. रिटायर झाल्यावर खात्याच्या लिलावातली ही जीप त्यांनी घेतली आणि तेव्हापासनं तिला कुठल्या मेकॅनिकचा हात लागू दिला नाही. रविवार आला की जुनी खाकी अर्धी चड्डी चढवायची, अंगणात पोतं पसरायचं आणि काढलेला एकेक नट, एकेक स्प्रिंग काढलेल्या क्रमानं त्याच्यावर मांडायची. बसवताना उलट्या बाजूनं उचलायची. त्या पोत्यावरनं मांजर गेलं तरी घर डोक्यावर घ्यायचे. खरं सांगायचं तर त्यांचा हात चांगला होता. पण आपला हात चांगला आहे हे दुसऱ्यानं रोज म्हणावं, अशी त्यांची अपेक्षा असायची.

आणि माझे अण्णा म्हणजे जयसिंगपूरचे गॅरेजवाले. तीस वर्षं ट्रकचे ब्रेक करत आलेले. मी गॅरेजमध्येच वाढले म्हणा ना. शाळेतनं आलं की दप्तर टाकायचं आणि अण्णांच्या हाताखाली पाने द्यायचे. बाराव्या वर्षी मी ट्रकचं चाक उतरवत होते. सासरी हे कुणाला सांगायची सोय नव्हती. बघायच्या कार्यक्रमात मध्यस्थानं नुसतं "मोटारीचा व्यवसाय आहे" एवढंच सांगितलेलं. लग्नात आत्याबाईंनी अण्णांची काळी नखं बघितली आणि त्यांचं तोंड जे उतरलं, ते चार वर्षं झाली तरी वर आलं नव्हतं. माझ्या हातून भाजी करपली तरी "गॅरेजवाल्यांची ती, तिला काय कळतंय" असं मागल्या दारी ऐकू यायचं. मी ऐकून घ्यायची. ऐकून घ्यायची म्हणजे साठवून ठेवायची.

दसऱ्याच्या आधी आठ दिवस अण्णा बाळाला बघायला आले. झबलं-टोपडं आणलं, चांदीची वाळी आणली. तेव्हा जीप अंगणात पुढची दोन्ही चाकं काढून उभी होती. ब्रेकच्या शूवरचं लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवते ती पट्टी, झिजून झिजून पार रिबिटांना टेकलं होतं. अण्णांनी वाकून बघितलं. त्यांना राहवतंय होय.

"दादासाहेब," ते मामंजींना म्हणाले, "शू माझ्याकडं द्या. नवीन लायनर मारून आणतो, बसवायला पण मीच येतो. तान्हं लेकरू घेऊन घाट उतरायचाय."

मामंजी हात पुसत उठले. ओसरीवर चार पाहुणे बसलेले, कुमुदवन्संचे दीर पण होते. त्या सगळ्यांत ते म्हणाले, "पाहुणे, तुम्ही जेवायला आलाय, जेवा. आमच्या गाडीला बाहेरचा हात लागत नाही. ट्रकवाल्यांचा तर नाहीच नाही."

चारचौघं हसली. अण्णा पण हसले. मग ते हात धुवायला मागं गेले आणि कितीतरी वेळ हातच धूत राहिले. जेवले आणि दुपारच्या गाडीनं परत गेले. मुक्कामाला म्हणून आले होते ते. पिशवीत बदलायचं धोतर मी बघितलं होतं.  मला राग आला, तो काही केल्या खाली बसेना.

मामंजींनी कोल्हापूरला जाऊन शूवर नवीन लायनर मारून आणलं. अष्टमीला संध्याकाळी ते परतले. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पुजायची रीत. विळी, कोयता, कुदळ, आजेसासऱ्यांची तलवार आणि ओळीनं मामंजींचे पाने, पक्कड, जॅक. पूजेला लावलं की त्या दिवशी कशाला हात लावायचा नाही, दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा झाली की मगच उचलायचं. पूजेची मांडामांड माझ्याकडं होती.

"हे नवीन सामान पण ठेव," कापडात गुंडाळलेले चारही शू माझ्यापुढं सारत आत्याबाई म्हणाल्या. "आणि सगळ्याला तेलाचं बोट फिरव. लखलखीत दिसलं पाहिजे."

त्यांनी सांगितलं, मी लावलं. दसऱ्याच्या दिवशी सकाळपासनं मी मनाशी हेच म्हणत होते. त्यांनी सांगितलं, मी लावलं.

सात वाजता मामंजी बसवायला बसले. मी भांडी घासायच्या निमित्तानं मागच्या पायरीवर होते. शू उचलला, जागेवर धरला, स्प्रिंग ताणून अडकवली, ड्रम चढवला. एक चाक झालं, दुसरं झालं. साडेनवाला त्यांनी स्वतः जीप बाहेर काढली, एस.टी. स्टँडपर्यंत सपाटीला नेली, आणली. फाटकाशी ब्रेक मारला. गाडी उभी राहिली.

"झालं काम," ते म्हणाले. नेहमीसारखं "कसं काय" म्हणून सगळ्यांकडं बघितलं मात्र नाही.

 अण्णा प्रत्येक नवीन पोराला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचे. तेल लागलेलं लायनर सपाटीला शहाण्यासारखं वागतं. उतार लागला, चार-पाच वेळा ब्रेक मारला, ड्रम तापला की आत मुरलेलं तेल वर येतं. मग पायाखाली पेडल आहे, पण गाडी थांबत नाही. फाटकाशी थांबली ती गाडी घाटात थांबेल असं नाही.

मी आधी ह्यांना गाठलं. हे आरशापुढं भांग पाडत होते.

"अहो, एस.टी.नं जाऊ या ना सगळे. दोनची गाडी आहे."

"का? जीप दारात उभी आहे की."

"ब्रेक नवीन आहेत. घाटात नवीन ब्रेक..."

"आबांनी ट्रायल घेतली ना? तू कशाला डोकं खातीस?" ह्यांनी कंगवा खिशात घातला. "आणि त्यांच्यापुढं बोलू नकोस असलं काही. परवा तुझ्या वडिलांवरनं काय झालं बघितलंस ना?"

बघितलं होतं. म्हणून तर. 

मग मी आत्याबाईंकडं वळले. म्हटलं, आज शुक्रवार आहे, लेकीला शुक्रवारी पाठवू नये म्हणतात, उद्या पाठवू. त्या लाडवांचा डबा बांधत होत्या. "दसऱ्याला कसला वार आणि कसला मुहूर्त बघतीस? अख्खा दिवस चांगला असतो," म्हणाल्या आणि डब्याला आणखी एक गाठ मारली. आता ह्याला काय बोलायचं.

पाय एका जागी ठरेना. स्वयंपाकघरातनं ओसरी, ओसरीवरनं अंगण. जीपजवळ जायची, हात लावायची, परत यायची. बाळ झोळीत झोपलेलं. त्याच्या मुठी बघितल्या आणि तिथनं पण उठले. कुमुदवन्सं म्हणाल्या, "वहिनी, बसा की जरा, मी चालले की आज." मला त्यांच्याकडं बघवेना.

शेवटी चहा घेऊन मामंजींकडं गेले. म्हटलं, सांगायचं. काय व्हायचं ते होऊ दे. ते ओसरीवर पेपर उघडून बसले होते. पेपर उलटा नव्हता, पण एकाच पानावर होता. माझ्या पावलांचा आवाज झाला तसे ते दचकले.

"काय आहे?"

"मामंजी, ते ब्रेकचं..."

"काय ब्रेकचं?"

एवढ्या जोरात त्यांनी विचारलं की मी कपबशीच पुढं केली. "काही नाही," मी म्हटलं. "चहा आणलाय."

"ठेव."

चहा तसाच राहिला. साय धरली त्याच्यावर. ते मध्येच उठून जीपकडं गेले, वाकून चाकाकडं बघितलं, परत येऊन बसले. मला वाटलं, सवय. दोन तासांत तिसऱ्यांदा ते मोरीवर साबणानं हात धुवायला गेले, तेही मी बघितलं आणि त्याचं मला काहीच वाटलं नाही. माणूस आपल्याच काळजीत असला की दुसऱ्याचं दिसत असून दिसत नाही.

नारळ फुटला. ओवाळून झालं. आत्याबाई पुढं बसल्या, मांडीवर लाडवांचा डबा. कुमुदवन्सं मागं चढल्या, मी बाळ त्यांच्या हातात दिलं. बाळ जागं होतं, माझ्या मंगळसूत्राला त्यानं मूठ घातलेली. ती मी एकेक बोट करून सोडवली. ह्यांनी किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं. सरपंचांच्या घरची मंडळी आपट्याची पानं द्यायला फाटकात आली होती, ती बाजूला सरली.

"वन्सं," मी म्हटलं, "जरा पाय वर घ्या."

"का हो?"

त्यांच्या पायाखाली चाकाचा पाना असायचा. तो मी ओढून काढला. पदर कमरेला खोचला, पुढं आले आणि डाव्या चाकापाशी बसले. ठेवणीतलं हिरवं इरकली नेसले होते. पाना नटावर चढवला, उभी राहून पाय दिला. नट करकरला आणि सुटला.

कुणाला काही कळेचना. इंजिन चालूच होतं. ह्यांनी मान बाहेर काढली. "काय करालीस तू?"

"इंजिन बंद करा आणि हँडब्रेक ओढा."

"वेड लागलंय काय?"

"बंद करा म्हणते ना." असं मी ह्यांना चार वर्षांत बोलले नव्हते. त्यांनी बंद केलं.

आत्याबाई खाली उतरल्या. "अगं, पुजलेली गाडी, नारळ फोडलेला, लोकं दारात, आणि चाक काढतीस? हे बघा, बघा ही सून. अंगावर रेशमी आणि हातात पाना. शेवटी गेली आपल्या वळणावर."

मी दुसरा नट सोडवला, तिसरा सोडवला. तोंडानं बोलायचं आता जमत नव्हतं, हातानं मात्र जमत होतं. मागच्या चाकांना मी दगड लावले, जॅक आणायला वळले. ओसरीच्या पायरीवर मामंजी उभे होते. कधी उठले, ठाऊक नाही. आता फाटकापर्यंत ऐकू जाईल असा आवाज चढणार, म्हणून मी मान खाली घातली.

"लायनरला तेल लागलंय," मी चाकाकडं बघत म्हटलं. "पूजेला मी लावलं होतं. गाडी खाली न्यायची नाही."

 बाळ तेवढं आवाज करत होतं.

मामंजी पायऱ्या उतरून आले. शर्टाच्या बाह्या वर केल्या. जॅक त्यांनीच आणला आणि माझ्यासमोर उकिडवे बसले. "अजून जरा आत घे," एवढंच म्हणाले. मी जॅक आत सरकवला. त्यांनी दांडा मारला. चाक उचललं, मी नट काढून पदरात घेतले, दोघांनी मिळून चाक उतरवलं. ड्रमला मी हातोडीनं चारी बाजूंनी हलके ठोके दिले, कडेला बोटं घालून ओढला. तो निघाला.

लायनर नवीन असतं तेव्हा कोरडं, धुरकट दिसतं. हे काळंभोर दिसत होतं आणि ड्रमच्या आतल्या बाजूला ओली चकाकी. खोबरेलाचा वास सगळ्यांना आला. कुमुदवन्संनी बाळाला छातीशी घट्ट धरलं. ह्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. "घाटात..." एवढंच म्हणाले.

आत्याबाई मटकन पायरीवर बसल्या. "मीच सांगितलं गं," त्या म्हणाल्या. "मीच म्हटलं तेलाचं बोट फिरव. माझ्याच लेकराचा जीव..." त्या रडायला लागल्या. मी त्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं.

"आत जा सगळी," मामंजी म्हणाले आणि ह्यांच्याकडं वळले. "उदय, ह्यांना आत ने. दोनच्या एस.टी.नं जाऊ. मी पण येतो."

सगळी आत गेली. सरपंचांकडची मंडळी पानं कठड्यावर ठेवून निघून गेली. अंगणात आम्ही दोघं आणि मध्ये ते उघडं चाक. मामंजींनी लायनरवर बोट फिरवलं, बोटाकडं बघितलं.

"बोटानं एवढं लागत नाही," ते म्हणाले.

मी पदरातले नट मोजायला लागले.

"वैजयंता, तुला विचारतोय."

"बोटानं नाही लावलं."

"मग?"

"कापसाचा बोळा बुडवून लावलं. दोनदा. पहिलं मुरल्यावर परत."

ते माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता मुस्काटात बसणार. बसली असती तर बरं झालं असतं.

"तुला ठाऊक होतं, लायनरला तेल चालत नाही."

"दहाव्या वर्षापासनं ठाऊक आहे," मी म्हटलं. आणि मग बांध फुटल्यासारखं सगळं बाहेर आलं. म्हटलं, अण्णांना तुम्ही चारचौघांत बोललात. ते मुक्कामाला आले होते, जेवून निघून गेले. मला तुमची फजिती करायची होती. वाटलं, बसवताना तुम्हाला कळेल, सगळं परत काढावं लागेल, सणाचं खोळंबेल, आरडाओरडा होईल. नाहीतर फाटकाशीच ब्रेक लागणार नाही आणि लोकांपुढं तुम्हाला म्हणावं लागेल, बोलवा त्या ट्रकवाल्याला. एवढंच डोक्यात होतं. लावताना बाळाचा विचार माझ्या मनाला शिवला पण नाही. सकाळी तुम्ही 'झालं काम' म्हणालात तेव्हा शिवला, आणि तरीसुद्धा मला तोंड उघडायला बारा वाजले.

मी बोलायची थांबले. म्हटलं, आता म्हणतील, पिशवी भर आणि जा माहेरी. त्याची तयारी मी मनात केली होती.

मामंजींनी फडकं घेतलं, बोट पुसलं. पुसून झालं तरी पुसतच राहिले.

"मला सकाळीच लागलं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"तेल. पहिला शू उचलला तेव्हाच बुळबुळीत लागला. वास पण आला."

मला आधी कळलंच नाही ते काय सांगतायत. "मग?"

"मग काय. पुसला फडक्यानं आणि बसवला."

"पुसून जात नाही मामंजी. लायनर तेल पितं."

"ते काय तू मला शिकवतीस?" नेहमीचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "ठाऊक आहे मला. पण तुझ्या वडिलांना मी तसं बोललेलो. कुमुदचा दीर होता तिथं. आता ऐन सणाला सांगू की माझे ब्रेक झाले नाहीत, नवीन लायनर पाहिजे? मनाला म्हटलं, थोडंसं आहे, दोन वळणांत जळून जाईल." ते घाटाच्या दिशेला बघायला लागले. "तीस वर्षं हा रस्ता बघितलाय मी. कुठल्या वळणाला किती गाड्या गेल्या, मला विचार. माणसं वर काढताना उभा होतो मी तिथं."

 माझं मला पुरे होतं.

"सांगतो, सांगतो म्हणत होतो," ते म्हणाले. "नारळ फुटायच्या आत सांगतो, गाडीत बसायच्या आत सांगतो. उदयनं इंजिन सुरू केलं तरी मी खुर्चीतच. तू पाना घेतलास तेव्हा मी उभा होतो. पण थांबवायला उठलो होतो की निरोप द्यायला, ते माझं मलाच सांगता येत नाही."

इतका मोठा माणूस, आणि अर्ध्या चड्डीतल्या पोरासारखा दिसत होता. मला त्यांची दया आली असं सांगितलं तर खोटं होईल. मला भीती वाटली. आम्ही दोघं एकमेकांवर हवाला ठेवून बसलो होतो. मामंजी बघतील, म्हणून मी लावलं, आणि चालवून घेऊ, म्हणून त्यांनी बसवलं. मध्ये ते तान्हं पोर होतं.

आत काय सांगायचं, हे आमचं काही ठरलं नाही. कुणी कुणाला गप्प बस म्हटलं नाही. आम्ही चाक परत चढवलं, हात धुतले आणि पाळणा सोडायला लागलो.

स्टँडवर पाळणा एस.टी.च्या टपावर चढवला. गाडी सुटायला पाच मिनिटं होती. आत्याबाईंनी पिशवीतनं आपट्याची पानं काढली. दरवर्षी पहिलं सोनं मामंजींना द्यायच्या. त्या वर्षी त्यांनी ते माझ्या हातात ठेवलं. "तू होतीस म्हणून," म्हणाल्या. "गॅरेजवाल्याची लेक होतीस म्हणून कळलं. मी काय काय बोलले गं तुला." आणि सगळ्या स्टँडपुढं त्यांनी माझ्या गालावरनं हात फिरवून बोटं मोडली.

कुमुदवन्सं वाकून माझ्या पाया पडल्या, बाळ माझ्या हातात दिलं. "वहिनी, हे आता तुमचं. तुम्ही वाचवलंत ह्याला."

मी मामंजींकडं बघितलं. ते माझ्याकडंच बघत होते. दोघांपैकी कुणीतरी बोलायला पाहिजे होतं. कंडक्टरनं घंटी मारली, मी बाळ परत दिलं, आणि आम्ही सगळे गाडीत चढलो.

दिवाळीआधी मामंजींनी अण्णांना पत्र लिहून बोलावून घेतलं. अण्णांनी ब्रेक केले, मामंजी शेजारी बसून पाने देत होते. अण्णा त्या वेळी चार दिवस राहिले. त्यांना पण आम्ही काही सांगितलं नाही. त्यांच्यापर्यंत गोष्ट आली ती घरातल्यांनी सांगितली तशीच, आणि त्यांना माझा इतका अभिमान वाटला की पुढं कितीतरी वर्षं ते गॅरेजमध्ये ती सांगत होते.

मामंजी जाऊन सोळा वर्षं झाली. आत्याबाई त्यांच्या आधी गेल्या. जाईपर्यंत दर दसऱ्याला त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला ती गोष्ट सांगितली, आणि दर वेळेला मामंजी उठून मागल्या दारी जायचे. मी बसून ऐकायची. मला उठता येत नव्हतं, गोष्ट माझी होती ना.

ते बाळ, अभिजित, आता अडतीस वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात त्याला मुलगी झाली. नाव वैजयंता ठेवायचं म्हणाला. मी म्हटलं, अरे, जितंजागतं माणूस असताना त्याचं नाव ठेवत नाहीत. ऐकतोय कुठं. बारशाला कानात नाव सांगायचा मान आत्याचा, पण त्याला बहीण नाही, म्हणून कुमुदवन्संनी मलाच पुढं बोलावलं. सगळ्या बायकांना परत एकदा घाटाची गोष्ट सांगून झाली. ह्यांनी डोळे पुसले.

मी गेले, वाकले, पोरीच्या कानाशी तोंड नेऊन तीनदा नाव सांगितलं. नाव सांगून झालं तरी मी लगेच उठले नाही. बायका म्हणाल्या, म्हातारीला भरून आलंय, राहू दे जरा. मी तिला खंडेनवमीचं सगळं सांगत होते, कापसाच्या बोळ्यासकट. ती जागी होती आणि माझ्याकडं बघत होती.